अब्बांनी आतून फुगा दाबला

उन्हाळ्यातला एक बुधवार. सकाळी सातला मी आणि अब्बा चिखलीहून कॅबने पुण्यातल्या हॉस्पिटलला निघालो. अब्बांच्या लिव्हरमधल्या गाठीला त्या दिवशी पहिलं रेडिएशन द्यायचं होतं... आणि गेले आठ दिवस अब्बा माझ्याशी धड बोलत नव्हते.

कारण सांगते.

अब्बांचं चिखलीत छोटं वर्कशॉप आहे. तीस-पस्तीस वर्षं ग्राइंडिंग आणि वेल्डिंग केलंय त्यांनी. गाठ कॅन्सरची निघाली, ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं... आणि ती जठराला इतकी लागून होती की नेहमीच्या मशीनवर रेडिएशन द्यायला डॉक्टर कचरत होते.

त्यांनी एक वेगळं मशीन सुचवलं. त्यात रेडिएशन चालू असतानाच एमआरआयही चालू असतो. श्वासाबरोबर लिव्हर वर-खाली होतं, ते स्क्रीनवर सतत दिसत राहतं. गाठ ठरलेल्या जागेवरून जरा जरी सरकली, की रेडिएशन तिथेच थांबतं.

पण एमआरआय म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. म्हणून आठवडाभर आधी तपासणीला बोलावून एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. टेक्निशियन मॅडम एकेक प्रश्न विचारत होत्या. पेसमेकर आहे का... शरीरात रॉड, स्क्रू आहे का... "काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"न्हाई. कधीच न्हाई," अब्बा म्हणाले.

मी बघतच राहिले. लहानपणी किती संध्याकाळी लाल डोळा घेऊन घरी आलेले अब्बा मला आठवत होते... ट्यूबलाइटखाली बसवून अम्मी ओढणीच्या टोकाने कण काढायची. गॉगल त्यांनी कधी नीट लावलाच नाही.

"गेलाय मॅडम. बऱ्याचदा," मी म्हणाले.

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चार लोकांत त्यांना खोटं पाडलं. आणि खरंच पाडलं होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, कण अजून आत असेल तर चुंबकामुळे हलेल, डोळा जाऊ शकतो. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू, मग ठरवू. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"आता हे मशीन न्हाई म्हनले तर?" अब्बांनी विचारलं. "दुसरं काय हाय आपल्याकडं? सांग की."

तेव्हा मला कळलं, ते खोटं का बोलले. डोळा गेला तर जाऊ दे, पण हा एक रस्ता बंद व्हायला नको... मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला.

एक्स-रे स्वच्छ आला. अब्बांनी वर बघून अल्लाचा शुक्र मानला, पण माझ्याकडे काही पाहिलं नाही. घरीसुद्धा हो-नाहीपुरतंच बोलणं. अम्मी म्हणाली, जाऊ दे, घाबरलेत.

तर तो बुधवार... अब्बा उपाशीपोटी आत गेले. त्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला होता. काही त्रास झाला, घाबरायला झालं, तर तो दाबायचा. श्वास धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा... तासभर तरी लागेल असं सांगितलं होतं.

मी बाहेर बसले. समोर लॅपटॉप उघडा होता, हिंजवडीच्या ऑफिसची मीटिंग म्यूटवर चालू होती. एक शब्द डोक्यात शिरत नव्हता.

अर्धा तास झाला असेल. एकदम दार उघडलं आणि त्याच मॅडम घाईघाईने बाहेर आल्या. मी लॅपटॉप बाजूला सारून उठले. डोळ्याचं काही झालं का... मीच आत पाठवलं ना त्यांना...

"काकांनी फुगा दाबला," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळं थांबवलं. माइकवर विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, माझी पोरगी बाहेर बसलीय, ती सकाळपासून उपाशी आहे. तिनं खाल्लं का तेवढं विचारून या. मग धरतो श्वास."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं बहुतेक.

"जेवले म्हणून सांगा," मी म्हणाले. अब्बा उपाशी असताना माझ्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता... पण त्या क्षणी मीही त्यांच्यासारखीच बेधडक खोटं बोलले. मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं, खिशातला बिस्किटाचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि आत गेल्या.

राहिलेला वेळ अब्बांनी सगळे श्वास अगदी बरोबर धरले म्हणे.

बाहेर आल्यावर ते आधी थोडा वेळ बाकावर बसले. मग आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलले, "काय जेवलीस?"

माझ्या हातात न फोडलेला पुडा...

"ऊठ," अब्बा म्हणाले, आणि उठताना त्यांनी माझाच हात धरला. कँटीनमध्ये आम्ही दोघांनी उपीट खाल्लं. दुसरी प्लेट संपत आली तेव्हा ते खाली बघून हळूच म्हणाले, "बरं केलंस बेटा, त्या दिवशी खरं बोललीस ते."

मग दिवसाआड आणखी चार वेळा गेलो. परवा तीन महिन्यांनंतरचा स्कॅन झाला... गाठ बरीच लहान झालीय. अजून बघत राहावं लागेल, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण काल रात्री आमच्या घरात सगळे शांत झोपले.

"काका, ही काय विचारायची वेळ आहे का" असं मॅडम तेव्हा म्हणाल्या असत्या, तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या चालू मशीन थांबवून बाहेर विचारायला आल्या... घाईत त्यांचे आभार मानायचे राहिलेच, म्हणून आज हे लिहिलं.