पत्र्यावरची माणसं

"सरका, उजेड अडवता तुम्ही."

समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. भाडं मागायला आलेला घरमालक असो, हंडा घेऊन नळाला निघालेली मी असो, की पुढे मुंबईहून गाडी घेऊन आलेली चित्रांचा धंदा करणारी ती बाई असो. मान वर न करता, माशी हाकलावी तसा ब्रश हलवून तो एवढंच म्हणायचा. आज परदेशातल्या मोठमोठ्या इमारतींत त्याची चित्रं लागली आहेत. लोक मला विचारतात, "तुमच्या शेजारी राहायचा ना? कसा होता माणूस?" तुम्हीही विचाराल. मी खरं सांगते. वाईट होता.

वाळूजला कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. आमची खोली आणि त्याची खोली यांच्यात एकच भिंत. आमचे हे एका छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते, तो दुसरीकडे रंगकामाला. मूळचा करमाडकडचा. आई खडी केंद्रावर राबायची आणि हा तिथल्या भिंतींवर कोळशानं माणसं काढत बसायचा. शाळा अर्धवट सुटली. हातात ब्रश कसा धरायचा हेसुद्धा त्याला कुणी दाखवलं नाही. पुढे नाव झाल्यावर कुणीतरी विचारलं, गुरू कोण? तर म्हणाला, "बघायला बी गुरू लागतो व्हय?"

सुपरवायझरशी भांडून त्यानं नोकरी सोडली. दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मग फ्लेक्स आले आणि पाट्याही गेल्या. कित्येक दिवस त्याच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज येत नसे. मी भाकरी आणि वाटीभर कालवण नेऊन द्यायची. तो खायचा, बोटं चाटायचा आणि म्हणायचा, "वहिनी, मीठ कमी पडलं." आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी जयभीम घातला तरी उत्तर देईल तर शपथ. असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याला सगळे जेवू घालतात आणि तो कुणालाच आवडत नाही.

भंगारातून पत्रे आणायचे, गॅरेजवाल्यांकडचा उरलेला रंग मागायचा आणि माणसं काढायची. कुणाला न विचारता. घरमालकाला काढलं ते नळावरच्या बायकांकडे बघताना, दातात काडी, डोळे अर्धे मिटलेले. हुबेहूब. सगळी रांग हसली. दुसऱ्या दिवशी घरमालकानं त्याचे सगळे पत्रे रस्त्यावर फेकले. हा शांतपणे गोळा करत फिरत होता. एक पत्रा उचलून मला म्हणाला, "कोपरा दुमडला बघा. आता लई चांगलं दिसतंय." मला हसू आलं होतं, तेव्हा ते दुसऱ्याचं चित्र होतं ना.

मग यांचा अपघात झाला. प्रेसमध्ये उजवा हात सापडला. अंगठा राहिला, बोटं गेली. दवाखान्यातून आल्यावर हे हाताला कायम रुमाल गुंडाळून ठेवायचे, माझ्यासमोरही. कारखान्यानं गेटवर बसायचं काम दिलं. सकाळी शर्टाची बटणं मी लावून द्यायची. बाहीत हात घालायला तेवढा रुमाल सोडावा लागायचा, तोही दार लोटून घेऊन. एका सकाळी वीज नव्हती, दार उघडं राहिलं, आणि तो बाहेर उभा होता.

पत्रा वाळायला ठेवला तेव्हा मी पाहिला. हे लहान पोरासारखे ताठ उभे, मी बटणं लावतेय, आणि मधोमध तो हात. उघडा. मला त्यात हाताशिवाय काही दिसलंच नाही. मी तिथंच ओरडले, "लाज नाही वाटत? माणसाच्या घरात डोकावतोस?"

"दार उघडं हुतं."

"तुझी आई असती तर तिला असं काढलं असतंस?"

"काढलीय," तो म्हणाला. "मेल्यावर. खडीवरच पडली हुती. दाखवू?"

आणि खरंच ढिगातून पत्रा ओढायला लागला. मी घरात पळाले. यांना काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून भाकरी देणं बंद केलं.

ती मुंबईची बाई योगायोगानं आली. वेरूळ बघून जाताना तिची गाडी बंद पडली. गॅरेजच्या भिंतीला याचे पत्रे टेकवलेले होते. बाई पुढे गेली तर हा म्हणाला, "सरका." बाई सरकली, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. नंतर टेम्पो आला, पत्रे मुंबईला गेले, तिथून दिल्लीला, तिथून परदेशात. एके दिवशी पेपरात त्याचा फोटो आणि शेजारी आमचं चित्र. आमचं कसलं, नुसता हातच. बाकीचं कापून टाकलेलं.

शिफ्टच्या बसमध्ये लोक यांना "हिरो" म्हणू लागले. यांनी बस सोडली, सायकलनं जाऊ लागले, डाव्या हातानं हँडल धरून. कुणीतरी पेपरवाला कारखान्याच्या गेटवर पोचला, हात इथंच गेला का म्हणून. मालकानं यांना आत बोलावलं. "बाहेर तूच बोललास ना?" हे म्हणाले, मी त्याच्याशी कधी बोललोच नाही. कोण ऐकतो? काम गेलं.

मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. नवे शर्ट आले होते, बोलणं तेच होतं.

"तुझ्यामुळं यांचं काम गेलं."

"म्या काढलं का कामावरनं? मालकानं काढलं."

"चित्र कुणी काढलं?"

"मग खोटं काढलं का?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगा ना वहिनी. एक रेघ खोटी दाखवा, आत्ता पत्रा फोडतो."

मी दाखवू शकले नाही, म्हणून तर राग जास्त आला. त्याचं वाटोळं होवो, असं मी मोठ्यानं म्हटलं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

वाटोळं कसलं, सत्कार झाला. शहरात मोठा हॉल, 'संभाजीनगरचा अभिमान' असा फ्लेक्स, आणि स्टेजवर हार घेऊन आमचाच घरमालक! हे म्हणाले, जाऊ या. का, ते सांगितलं नाही. आम्ही मागे बसलो. त्यानं माइक घेतला आणि म्हणाला, "ह्यानं माझे पत्रे रस्त्यावर फेकले हुते. आता हार घालतोय." घरमालकही टाळ्या वाजवायला लागला, काय करणार बिचारा.

मग त्याची नजर आमच्यावर पडली. "तो बघा, माझ्या चित्रातला मानूस. ये की रं वर."

सगळा हॉल मागे वळला. हे उठले. मी शर्ट धरला, तो सोडवून हे वर गेले. त्यानं यांचा उजवा हात धरला, रुमाल ओढून काढला आणि हात उंच केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि यांनी डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली.

माइकमध्ये तो आवाज केवढा मोठा आला! लोक यांना धरायला धावले. तो गाल चोळत म्हणाला, "सोडा त्याला. त्याचा हक हाय." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आजही आठवलं की बरं वाटतं.

त्यानंतर तो गेलाच. आधी मुंबई, मग बाहेर देश. मागे ना पत्ता, ना फोन. आम्ही शेजारच्याच रांजणगावात भाजीची गाडी लावली. गिऱ्हाइकांना कोथिंबीर देता देता यांचा रुमाल कधी सुटला, दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

यंदा उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. तिकडेच कुठल्यातरी गावात तो वारला. जवळचं कुणी नव्हतं. हे बातमी वाचून भेंडीवर पाणी मारत राहिले. दुपारी गिऱ्हाईक थांबलं तेव्हा म्हणाले, "त्या चित्रात तूबी आहेस म्हणतात. कशी दिसतेस गं? म्या कधी बघितलंच नाही."

शेजारच्या पानवाल्यानं त्याच्या मोबाइलवर शोधून दिलं. या खेपेला चित्र पुरतं होतं. मी आधी हाताकडे पाहिलं, सवयीनं. मग वर पाहिलं. बटण लावता लावता मी हसत होते. तोंड मिटलेलं, पण हसत होते, यांनी काहीतरी म्हटलं असावं तशी. त्या दिवसांत मी हसले होते हे मला अजिबात आठवत नाही.

यांनी बराच वेळ मोबाइल धरून ठेवला. मग पानवाल्याला परत देत म्हणाले, "तुझं नाक जरा मोठं काढलंय त्या भाड्यानं."

मी म्हटलं, "नाही. तेवढंच आहे."