चिठ्ठी नसलेली ताटली

झाकलेलं दिसलं की उघडून बघायचं, ही माझी जन्माची खोड. सासूबाई मला भोचक भवानी म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं.

लग्न होऊन मी परंड्याला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमच्या भिंतीला भिंत लागून एक हवालदार राहत. बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत जाऊन ते पलटणीत भरती झाले होते. मिसरच्या वाळवंटातून परतताना त्यांनी दोन पत्र्याच्या ट्रंका भरून सामान आणलं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. इतर शिपाई घरी आले की शेतीला लागले. चाचांनी पुढच्या खोलीत फळ्या ठोकल्या, त्यावर ते सामान मांडलं आणि दारावर उर्दूत पाटी लावली, ‘अजायबखाना’. खेड्यातली माणसं त्याला लढाईचं दुकान म्हणत आणि बाजारच्या दिवशी मीठमिरची घेऊन झाली की तिकडं वळत.

मराठीत चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी चौथी पास होते आणि अक्षर बरं होतं. चाचा सांगत आणि मी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर बोरूनं लिहीत असे. ‘वाळवंटातली रेती. आपल्या नदीच्या वाळूहून बारीक.’ ‘इटलीच्या शिपायाची लोखंडी टोपी. टोपी सापडली, डोकं पळून गेलं.’ हे शेवटचं माझ्या पदरचं होतं, पण चाचा हसले आणि राहू दिलं त्यांनी.

विषारी धुरापासून वाचायचा एक रबरी मुखवटा होता, पुढं सोंडेसारखी नळी असलेला. तो घालून बघितल्याशिवाय मला चैन कसं पडावं? पट्टा अंबाड्यात अडकला आणि नेमक्या सासूबाई मला शोधत आल्या. त्यांच्या हातातला तांब्या पडला, पाठोपाठ किंकाळी. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस सुखात गेले.

सगळ्यात मान होता तो तोफेच्या गोळ्याच्या पितळी नळकांड्याला. उभं, गुळगुळीत, चकचकीत. एका बाजारी कुणा बाईनं त्याला हळदकुंकू लावलं. पुढच्या बाजारी भंडारा पडला, त्याच्या पुढच्या बाजारी नारळ.

चाचा वैतागले. "अहो बाई, हा तोफेचा गोळा हाय, देव न्हाय!"

"असू द्या की," नारळवाली म्हातारी म्हणाली, "इतकी मानसं मारलीत म्हंजी जागृतच हाय."

मग चाचा दर बाजाराच्या संध्याकाळी ते पितळ चिंचेनं घासत बसायचे. नारळ मात्र आम्ही वाटून खायचो.

या सगळ्यात दोन गोष्टींचा मला उलगडा होत नव्हता. ईदचा चांद बघायला सगळी गल्ली घरांच्या मातीच्या धाब्यांवर चढे, आम्हीसुद्धा. चाचा तेवढे आत बसून राहत. आणि वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक शिपायाची ताटली होती. साधी, चेपलेली, मागच्या बाजूला खिळ्यानं त्रिशूळ कोरलेला. तिला चिठ्ठी नव्हती.

"हिच्यावर काय लिहू?" मी विचारी.

"ते राहू दे, बेटी."

राहू दे म्हटल्यावर मी काय राहू देते! रोज एक प्रश्न टाकत पावसाळा अर्धा काढला, तेव्हा एवढं कळलं की ताटली चार कोसांवरच्या एका गावच्या पोराची, आणि तो पोर तिकडंच राहिला. मी न विचारता चिठ्ठी लिहिली, ‘आपल्याच भागातल्या शिपायाची ताटली. हा परत आला नाही,’ आणि लावून मोकळी झाले. चाचांनी ती वाचली, काढली आणि फाडली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण तोवर मी ही गोष्ट गावाच्या नावासकट नदीवर चार बायकांना सांगून बसले होते.

पुढच्या बाजारी एक बाई आली. उन्हानं रापलेली, हातात रिकामी पिशवी, पायात काही नाही. टोपी बघितली नाही, गोळ्याला हात जोडले नाहीत. सरळ म्हणाली, "माझ्या लेकराची ताटली हितं हाय म्हंत्यात."

चाचा उठून उभे राहिले. ताटली मीच काढून दिली. हे सगळं माझ्या जिभेनं ओढवून आणलं होतं.

बाईनं ताटली उलटी केली, त्रिशुळावरून बोट फिरवलं. "भाकरीच्या पिठातबी ह्येच काढायचा," म्हणाली. मग खाली बसली. "दादा, म्या कायबी मागाया आले न्हाय. येवढंच सांगा, माझं लेकरू कंच्या दिशी गेलं?"

सरकारी कागद आला होता तिच्याकडं. पटवाऱ्यानं वाचून दाखवला तेव्हा ती शुद्धीत नव्हती. पुढं तो कागद वाळवीनं खाल्ला. तीथ ठाऊक नाही म्हटल्यावर गावच्या जोशानं सर्वपित्री अमावास्या सांगितली.

"आमुशाला समद्यांची पंगत असती," ती म्हणाली. "ज्येंची तीथ कुनाला ठावं न्हाय, त्येंची. माझ्या लेकराला आई हाय अजून. त्यानं बेवारशांत का बसावं?"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता आठवत नाही म्हणतील. तसं म्हणायला सोपं होतं.

"आठवतंय," ते म्हणाले. "मी ही ताटली तुमच्यासाठीच आणली होती, माय. दोन खेपा निघालो. दोन्ही खेपा अर्ध्या रस्त्यातनं माघारी आलो."

मग सांगू लागले. रमजान संपत आला होता. संध्याकाळची वेळ, सगळे खंदकात. रेतीनं चाचांचे डोळे सुजलेले, समोरचं दिसत नव्हतं. ते तिच्या लेकाला म्हणाले, बेटा, तुझी नजर तेज हाय, चांद दिसतो का बघ. तो सकाळपासून घरच्याच आठवणीत होता. म्हणत होता, आज घटाची दुसरी माळ, आई उपाशी असंल. चाचा म्हणाले म्हणून तो उठून उभा राहिला. चांगला उभा, हात वर करून.

"दिसला, चाचा, म्हणाला. त्यो बघा. आन् लगेच गोळी आली."

फाडलेली चिठ्ठी आणि धाब्यावर न येणारे चाचा, दोन्हींचा उलगडा एका दमात झाला आणि तो झाला नसता तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बाईनं ताटलीकडं बघतच विचारलं, "खरंच दिसला व्हता का पर? का उगं म्हनला?"

"खरंच दिसला. दुसऱ्या दिवशी ईद झाली."

"चांद दिसला म्हंजी बीज," ती बोटं मोजत पुटपुटली. "घटाची दुसरी माळ. बीजच." तिनं पदरानं ताटली पुसली. डोळे नाही पुसले. "लेकराला तीथ घावली."

ती ताटली पिशवीत घालून निघेल असं मला वाटलं. तिनं ती चाचांच्या हातात ठेवली. आमच्याकडं पितरांच्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या नावानं एकाला पाटावर बसवून जेवू घालतात.

"पितरं म्हैन्यावर आलीत," ती म्हणाली. "बिजेला ही घिऊन या. माझ्या घरात बापय मानूस न्हाय पाटावर बसाया."

"माय, मी कसा बसू? आमच्यातला मानूस तुमच्या पितराला चालंल का?"

"मग त्याच्या ताटलीत कोन जेवायचं, जोशी?"

बिजेच्या दिवशी पहाटे चाचा धुतलेले कपडे घालून चालत निघाले. ताटली फडक्यात बांधलेली होती. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. भात करपला आणि सासूबाईंना बोलायला विषय मिळाला. उन्हं कलताना चाचा रिकाम्या हातांनी परत आले. मी काही विचारलं नाही. तेच ओट्यावर बसून सांगू लागले, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि ती समोर बसून वाढत होती, नको म्हटलं तरी वाढत होती.

चांद बघायला ते पुढंही कधी धाब्यावर आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि वरच्या फळीवरचा रिकामा कोपरा दाखवला.

"इथं चिठ्ठी लाव, बेटी."

"काय लिहू?"

"लिही, घरी गेली."