फौजी मास्तर आणि नापास पिशव्या

दिवाळीच्या आधीचा तिसरा रविवार. सांगलीच्या प्रदर्शनातल्या स्टॉलचे दोन हजार रुपये भरून झाले होते. पलूसच्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, बचत गटाच्या सात बायका, गटाचा हिशेब गळ्यात पडलेला मी आणि मधोमध सतरंजीवर मांडी घातलेले फौजी मास्तर. समोर पिशव्या, कुंच्या, दुपटी आणि अभ्रे यांचा ढीग. टेबलावर त्यातलं निम्मंच मावणार होतं. मास्तर एकेक नग उचलत आणि आधी उलटा करून आतली शिवण बघत. सुलट्या बाजूकडे त्यांचं लक्षच नसे. "वरनं समदंच बरं दिसतंय," ते म्हणत.

मास्तर मूळचे रहिमतपूरचे. फौजेत त्यांनी बंदूक कमी आणि कात्री जास्त चालवली. पलटणीचे शिंपी होते ते. निवृत्तीनंतर बायको गेली, मग पलूसला लेकीकडे येऊन राहिले. गटाने त्यांना निवड करायला बोलावलं, कारण कुणाचाही माल बाजूला काढला तरी त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती. हे काम गटातल्या माझ्या बायकोने माझ्यावर टाकलं असतं तर मी गाव सोडलं असतं.

त्यांची निवडीची एक रीत होती. दहा पिशव्या एकावर एक ठेवायच्या, कडा जुळवायच्या. जी दोन सूत बाहेर येईल ती नापास. रंगाचंही तसंच. "शंभर पोरं रांगंत हुबी ऱ्हात्यात," ते सांगत, "एकाचा खिसा दोन सूत खाली आला की समदी रांग वाकडी दिसती." बायका निमूट ऐकत. त्यांच्या धाकाने गटातली शिलाई खरोखरच सुधारली होती, हे मला मान्य केलं पाहिजे.

निमूट ऐकत नसे ती एक हसीनाभाभी. ती खणाच्या तुकड्यांच्या कुंच्या शिवायची. एकीला हिरवे गोंडे, दुसरीला जांभळे, तिसरीला एकच. सलग दोन वर्षं तिची एकही कुंची पास झाली नव्हती.

"चाचा, बाळं तरी एकसारखी असत्यात का?"

"बाळं नसत्यात. माप असतंय."

"मग माप घालून ठेवा पाळण्यात," ती म्हणाली आणि कुंच्या गुंडाळू लागली. पुढच्या वर्षी आपण येणार नाही, हेही तिने सांगून टाकलं. मास्तरांनी पुढची पिशवी उलटी केली.

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. आमच्या टेबलावर चाळीस पिशव्या अशा लागल्या होत्या, की जणू एकाच साच्यातून निघाल्या होत्या. मागे "घरी शिवलेल्या वस्तू" असा फलक. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून टेबलामागे उभे. लोक येत, पिशवी हातात घेत, ठेवून पुढे जात. दुपारी एक बाई थांबल्या. त्यांनी चार-पाच पिशव्या शेजारी शेजारी लावून बघितल्या.

"हा घरचा माल नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कारखान्यातून आणून ठेवलाय."

"आमच्या बायकांनी शिवल्यात, बाई," मास्तर म्हणाले. "मी सोता बघितलंय."

"मग सगळ्या एकसारख्या कशा?"

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मास्तरांना शाबासकी मिळाली, तीच आता चोरीच्या मालासारखी त्यांच्यापुढे धरली होती. शेजारच्या स्टॉलवर वेड्यावाकड्या, रंगीबेरंगी वस्तूंभोवती गर्दी होती. मास्तर मागच्या ट्रंकेवर जाऊन बसले, ते संध्याकाळपर्यंत. तीन दिवसांत स्टॉलचं भाडंसुद्धा निघालं नाही. परतीच्या एसटीत ते एवढंच म्हणाले, "माज्यामुळं बायकांची दिवाळी गेली, भाऊ." मी नाही म्हणालो नाही. दमलो होतो, आणि ते खरंही होतं.

पुढच्या वर्षी मास्तर येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. ते वेळेवर आले. हसीनाभाभीला त्यांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. मग नेहमीसारखी निवड सुरू झाली. उलटं करणं, कडा जुळवणं, सगळं तसंच. दोन तासांनी दोन ढीग तयार झाले. मास्तरांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"हे न्या."

"मास्तर, हे नापासांचं हाय," माझी बायको म्हणाली.

"व्हय. तेच न्या."

"चाचा, तब्येत बरी हाय न्हवं?" हसीनाभाभीने विचारलं. बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत.

मी म्हणालो, "मग दोन तास कशाला घालवले?"

"न बघता कसं धाडायचं?"

त्या वर्षी ते सांगलीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीच टेबल रिकामं झालं. कुंच्या तर पहिल्या दुपारी संपल्या. परत आल्यावर मी त्यांना सांगायला गेलो. ते पडून होते, उठून बसले. त्यांनी विचारलं, "परत काय आलं का?"

"काही नाही."

"यील," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

दिवाळीनंतर पंधरवड्यात फोन आला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बाईंची पिशवी गुळाच्या वजनाने बंदापाशी उसवली होती. मी पैसे पाठवून मोकळा होणार होतो. मास्तर म्हणाले, आपण जाऊ. तो त्यांच्याबरोबरचा माझा शेवटचा प्रवास. फाल्गुनात ते गेले. त्या दिवशी एसटीतच त्यांना धाप लागत होती, मधेच उतरून परत जावं असं मला दोनदा वाटलं.

बाईंच्या व्हरांड्यात बसून त्यांनी पिशवी उलटी केली. टीप बघताच ती कोणाची हे त्यांना कळलं, चेहऱ्यावरून दिसत होतं. मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. सुईत दोरा ओवायला मात्र मला सांगितलं. दोन्ही बंद त्यांनी चौकट टीप घालून पक्के केले आणि खिशातून पाकीट काढलं.

"मास्तर, पिशवी दुरुस्त झाली. आता पैसे कसले? मी हे हिशेबात कुठं दाखवू?"

"दावू नका. माजं हायत."

"पिशवी तुम्ही शिवली नव्हती."

"धाडली मीच न्हवं. कच्ची हाय हे बघून धाडली."

बाई नको नको म्हणत होत्या. मास्तर हात पुढे करून उभेच राहिले. शेवटी पिशवीची पूर्ण किंमत, एकशे ऐंशी रुपये, त्या बाईंनी घेतली.