स्लॅबवरचा मळा

घणसोलीच्या गोटीरामाचं डोकं तसं सदाच तापलेलं, पण त्रेसष्ट साली त्याला सबळ कारण मिळालं. त्याचा मुलगा रोहिदास कारखान्यात चिकटला आणि त्यानं घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला. सारा गाव बघायला लोटला. पण त्या स्लॅबखाली गोटीरामाची बायको शांती अर्धांगवायूनं खाटेला खिळली होती, आणि चैत्रात ती खोली तव्यासारखी तापायची.

"तुजा सिमेंट तुज्या आयशीला भाजतंय," म्हातारा म्हणाला. रोहिदासनं कानाडोळा केला.

मग म्हातारा इरेला पेटला. शेतातली माती पाटीपाटीनं वर नेऊन त्यानं चवळी आणि काकडी लावली. खोली निवली. पण जन्म भातशेतीत गेलेला, पाणी दिसलं की अडवायचं हेच हातांना ठाऊक. त्यानं कडेनं बांध घातला, पन्हळीत चिखलाचा बोळा कोंबला. आषाढात वर तळं साचलं आणि शांतीच्या अंथरुणावर धार लागली.

"बाबा, ह्ये घर हाय, शेत नाय," म्हणत रोहिदासनं बांध फोडला आणि तिच्या खोलीवरची माती खरवडून फेकली. कोठीच्या खोलीवरची तेवढी राहिली.

पावसाळा सरला, ऊन पुन्हा भाजू लागलं. एका दुपारी गोटीराम घरात आला, तर शांती घामानं निथळत पडलेली. आणि रात्रपाळी करून आलेला रोहिदास कोठीत, भाताच्या कणग्यांमधल्या अंगभर जागेत, गारव्याला घोरत होता. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं लाथ घालून पोराला उठवलं.

"तुला सरकता येतं रं. तिला येत नाय."

रोहिदास उठला. तो तसाच वर चढला. दोघांनी तळाशी फुटक्या कौलांचा थर दिला, म्हणजे पाणी निथळून जाईल. वर भाताचं तूस मिसळलेली हलकी माती, वीतभरच, कारण ओझं स्लॅबलाच पेलायचं. पन्हळीतला बोळा गोटीरामानं स्वतः उपसला, शिव्या देत.

पुढच्या चैत्रात शांतीला दुपारची गाढ झोप लागली. दाराशी शेजारचा नामा रोहिदासच्या स्लॅबची वाखाणणी करत होता. गोटीरामाच्या तोंडाशी शिवी आली. ती त्यानं गिळली, शांतीची झोप मोडेल म्हणून.