चार डब्या आणि एकटी रश्मी

भिंतीपलीकडे चंपा आणि तिचा नवरा दत्ताराम भांडत होते. वर्षं झाली, अजून कानात आहे.

"फ्रीजमध्ये गू ठेवलास?"

"डबी घट्ट बंद आहे. दुधाच्या खाली ठेवलीय."

"खाली!"

"मग काय, वर ठेवू?"

त्याने सगळं दूध मोरीत ओतलं. मलाही शिसारी आली, खोटं कशाला सांगू? पेटीतला बर्फ संपला म्हणून चंपाने ती डबी एकदाच ठेवली होती, पुन्हा कधी नाही.

चंपाचं कामच ते. परळच्या एका प्रयोगशाळेसाठी आमच्या लालबागच्या चाळींतून हगवण लागलेल्या पोरांची शी गोळा करायची. मिरचीच्या गिरणीचा ठसका, सामायिक संडासाची घाण आणि तिच्या डब्यांच्या बर्फपेटीचा फिनेलचा वास एकदम जिना चढून आला की माझा घास तोंडातच फिरायचा. तरी चहा मी तिला घरात बसवून द्यायचे. समोरची कालिंदी दारातच द्यायची, वेगळ्या कपात. "जंतू असतात हो," म्हणायची. जंतू कसले! चंपाच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, ते कारण. ही नोकरी लागायच्या आधीपासून तो कप वेगळाच होता. डब्यांपेक्षा मला त्या कपाची किळस जास्त.

"एवढं गोळा करून करता तरी काय गो?" मी एकदा विचारलं.

"काकी, हे जंतू एकमेकांचे चुलतभाऊ. कोटाचा रंग ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. पण काहींच्या कोटाची बटणं सारखी असतात म्हणे. आपल्या पोरांच्या पोटातल्या जंतूंची बटणं जुळतात का, ते सलोनी डॉक्टर बघतात. जुळली तर एकच लस सगळ्यांना पुरेल."

तिची थोरली मुलगी हगवणीनेच गेली.

गेल्या महिन्यात ते काम संपत आलं. शेवटच्या आदल्या दिवशी आमच्या मजल्यावरून चार डब्या आल्या. चारही लालभडक. चंपाने त्या उजेडात धरल्या, मी पदर नाकाला लावला.

"चार घरांत एकाच दिवशी बीट शिजलं?"

आमच्या मजल्यावर बीट फक्त नलूच्या घरी शिजतं. हगवणीने खंगलेल्या लेकीच्या, रश्मीच्या, अंगात रक्त भरावं म्हणून ती तिला रोज भरवते.

"मीच भरून दिल्या, मावशी," नलू म्हणाली. "बाकीच्या तिघींना डबी धरवत नाही, ओकारी येते. गू तो गू! तुम्हाला जंतूच पाहिजेत ना?"

"अगं, एकाच पोरीचे जंतू चार नावांनी गेले तर बटणं जुळणारच! त्या भरवशावर लस काढतील, नि ती आपल्याच पोरांना नाही लागू पडायची."

त्या बाकीच्या तीन पोरांतला एक कालिंदीचा नातू राजस. ती दारातूनच फणकारली, "तुला पगार मिळतोय ना? मग ने की गपचूप!"

चंपाने तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, यातली एकच खरी. तीन रद्द करा. उद्या दुसऱ्या आणते."

"आमच्या राजसचं काही मिळायचं नाही," म्हणत कालिंदीने धाडकन दार लावलं.

तीन पोरांची शी पोचली नाही, तर त्यांचे जंतू हिशेबात येणारच नव्हते. आणि उरला होता तो एकच दिवस.

सकाळी चंपा नेहमीसारखी पेटी घेऊन आली. पहिल्या दोन घरी तिने स्वतःच पोरांखाली डबी धरली. तिसरं दार कालिंदीच्या सुनेने, सुचित्राने, उघडलं. पोराच्या हगवणीने रात्रभर तिला झोपू दिलं नव्हतं. सासूकडे न बघता तिने गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि राजसला बसवलं. चंपा हातमोजे चढवून समोर उकिडवी बसली.

"कर राजा, घाई नाही."

वास सुटला. कालिंदी आत पळाली. चंपाने चमच्याने डबी भरली, झाकण घट्ट केलं, नाव लिहिलं, बर्फात ठेवली. कागद आणि हातमोजे गुंडाळून कचऱ्यात टाकले, नळावर साबणाने हात धुतले आणि पेटी खांद्याला लावून जिना उतरली.