बाहुलीच्या दारातला गोठा

थोरल्या आजी माझ्या घरात असताना कुठलीही वस्तू जागेवर सापडेल, अशी आशा करण्यात अर्थ नसे. इरा, ओम, तुमच्या बाहुलीघराच्या दारात जो गोठा आहे, त्याची गव्हाण म्हणजे माझी साबणाची डबी. मांजराचा पाळणा माझ्या चहाच्या गाळणीचा आहे. आणि बाहुलीचं कुत्रं ज्या गादीवर झोपतं, ती म्हणजे माझं चष्म्याचं घर. त्यावरून आमचं झालेलं बोलणं मला अजून पाठ आहे.

"मंदा, नुसतं पडून व्हतं गं ते."

"पडून नव्हतं, जाऊबाई. त्यात माझा चष्मा असतो."

"चष्मा तर तुझ्या नाकावर हाय की."

त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. कोरेगावजवळच्या गावात त्यांचा जन्म ऊस आणि जनावरं यांच्यात गेला. थोरले भाऊजी गेले, जनावरं विकली आणि पाठोपाठ डोळ्यांत काचबिंदू निघाला. उपचारासाठी महिनाभर म्हणून त्या साताऱ्याला माझ्या फ्लॅटवर आल्या आणि राहिल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब पडले तर उरलेली टिकेल. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, माझ्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या आहेत. वेळेवर दोन थेंब घालणं ही माझ्या दृष्टीने अवघड गोष्ट नव्हती. जाऊबाई काय चीज आहेत, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

या खेळाची सुरुवात इराने केली. उन्हाळ्यात तुम्ही कॅनडाहून आलात तेव्हा बाहुलीबरोबर तिचं कुत्रं आणलं होतं आणि त्याला बिछाना नव्हता. इराने तो थोरल्या आजींकडे मागितला. दुसरं कुणी असतं तर चिंधी दुमडून दिली असती. यांनी आधी चौकशी केली. कुत्रं केवढं, कुणाच्या घरचं, चावतं का, भाकरी खातं का. जनावराचा स्वभाव कळल्याशिवाय त्या कात्रीला हात लावत नसत. बिछाना झाला तेव्हा त्यांनी तो बाहुलीघराच्या बाहेर, पायरीजवळ मांडला. इराने उचलून आत ठेवला. त्यांनी पुन्हा बाहेर काढला. "कुत्रं आत घोरत पडलं तर राखण कोण करायचं? तुझी बाहुली?" दिवसभर तो बिछाना आत-बाहेर होत राहिला.

त्याच सुट्टीत वेसणीचा प्रकार घडला. इराचा पांढरा युनिकॉर्न जमिनीवर पडला होता. जाऊबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला, गॅसवर दाभण तापवलं आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या नाकातून आरपार घातलं. तुमची आई धावत आली.

"अहो काकू, तो बैल नाहीये, युनिकॉर्न आहे."

"नाव काय बी ठेव गं. शिंग हाय, खूर हायत. एक शिंग मोडलं असंल."

"मोडलं नाही, त्याला एकच असतं. कपाळावर."

"मग जलमाचंच खोड. बाजारात गिऱ्हाईक मिळायचं न्हाई. पर म्हणून काय वेसण घालायची न्हाई? उद्या दुसऱ्याच्या उसात शिरला म्हंजे?"

मी डोक्याला हात लावून बसले. खेळणं महागाचं होतं आणि परदेशातून आलेलं होतं. इरा रडेल म्हणून आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो, तर ती विचारत होती की दोरी कुठल्या रंगाची. मग लाल दोऱ्याची वेसण वळली गेली. शिंगाला हिंगुळाचा लाल रंग लागला आणि टोकाला पितळी शेंबी, बैलाच्या शिंगाला घालतात ती टोपी, बसली. ती शेंबी माझ्या शाईच्या पेनातून आली, हे मला पत्र लिहायला बसल्यावर कळलं.

कॅनडात परत गेल्यावर इराने शाळेत सांगितलं की युनिकॉर्नला वेसण नसेल तर तो शेजाऱ्यांच्या उसात जातो. झालं. मैत्रिणींच्या बाहुल्यांची जनावरं फोनवर दिसायला लागली आणि जाऊबाई त्यांच्यासाठी करतील त्या वस्तू मी टपालाने पाठवायला लागले. सशाला खुराडं, मांजराला शिंकं, पण ते त्याच्या उडीच्या टप्प्यात येणार नाही अशा उंचीवर. एकीच्या बाहुलीकडे हॅमस्टर होता. त्याच्यासाठी घर मागितलं तेव्हा जाऊबाई चक्क उठून उभ्या राहिल्या. "उंदराला घर? मी काय खुळी हाय का?" आठवड्याने काड्यापेटीएवढा सुबक सापळा तयार झाला, आत अडकवायला भाकरीच्या तुकड्यासकट. तो मी पाठवला नाही. त्यावरून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

या सगळ्यात थेंब राहून जात. थेंब पडले की घटकाभर धूसर दिसतं आणि कामाचा खोळंबा होतो, ही त्यांची तक्रार. मी बाटली घेऊन मागे आणि त्या दोरा तोंडात धरून पुढे, अशी आमची संध्याकाळ जाई. "एवढी म्होरकी वळून झाली की घाल." म्होरकी, म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची दोरी, झाली की घुंगरू, घुंगरू झालं की खुंटा. एकदा त्यांनी बाटलीच तांदळाच्या डब्यात दडवली. त्या दिवशी मात्र माझा संयम सुटला.

"डोळे जातील तुमचे. कळतंय का काही? आंधळ्या व्हाल."

"ऱ्हाऊन तरी काय बघू, मंदा? ह्या तिसऱ्या मजल्यावरनं समोरच्यांची वाळत घातलेली कापडं?"

मी बाटली शोधून काढली, त्यांची हनुवटी वर धरली आणि थेंब घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधी उजवा डोळा गेला. डाव्याचं दिसणंही आकसत आकसत दाराच्या फटीएवढं उरलं. सांगलीहून त्यांचा मुलगा न्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला एक दिवस थांबवून ठेवलं. माझ्या जरीच्या साडीच्या काठाची त्या झूल शिवत होत्या, बैलाच्या पाठीवर घालतात तशी. ही तुमच्या एकशिंग्यासाठी. साडी विचारून घेतली नव्हती, हे सांगायला नकोच. मी सुया ओवून ओळीने देत होते आणि त्या बोटांनी काठ चाचपत टाके घालत होत्या. वर मलाच बोलत होत्या, की दोरा लांब ओवतेस, गुंता होतो.

पुढे मी सांगलीला त्यांना भेटायला गेले. तोवर दाराची फटही मिटली होती. त्यांनी हट्ट धरला म्हणून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. इरा, तू एकशिंग्याला कॅमेऱ्यासमोर धरलंस आणि म्हणालीस, "थोरली आजी, बघ." त्यांनी पदर सारखा केला आणि मान वळवली ती फोनकडे नाही, खिडकीकडे.

"बघितलं, बघितलं," त्या म्हणाल्या. "झूल लय शोभतीय गं त्याला."

झूल त्याच्या अंगावर नव्हती. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण तू फोन पलंगावर ठेवून पळालीस. आम्हाला नुसतं तुमचं पांढरं छत दिसत होतं. कुठेतरी खण ओढल्याचा आवाज आला. तू परत आलीस तेव्हा एकशिंग्याच्या पाठीवर झूल होती, जरीचा काठ बाहेर काढून नीट बसवलेली. फोन उचललास आणि एकशिंग्याला पुन्हा त्यांच्यासमोर धरून उभी राहिलीस, पुष्कळ वेळ.