एका नियमाची वही

मुलांनो, तुमच्यातल्या धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, भाषेचा अभ्यास हे विज्ञान कसं?" मला समुद्रकाठच्या आमच्या देवबाग गावातले शेजारी आठवले. ते निवृत्त पोस्टमन होते.

निरोप घेताना आपल्याकडे 'जातो', गावच्या बोलीत 'जातंय', म्हणणं अशुभ. त्यांच्या वहीत नियम होता : इथलं माणूस निघताना 'जातंय' म्हणत नाही, 'येतंय'च म्हणतं. तो नियम कुठे खोटा ठरतो का, हे पाहायला ते रोज किनाऱ्यावर बसत, भांडून निघालेल्यांचंही बोलणं टिपत.

मासे विकणाऱ्या बायका चिडवत, "मेल्या, पत्रां वाटून झाली, आता आमची तोंडां वाचतंस?"

ते मला म्हणत, "वैनीनू, शंभर 'होय' माका नको. एक 'नाय' गावला तर सांगा."

त्यांची बायको आजारी पडली. शेवटच्या दुपारी मी तिच्या उशाशी होते. तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "जातंय हां."

"येतंय म्हण गो," ते विनवत राहिले.

तिने नकारार्थी मान हलवली. थोड्या वेळाने ती गेली.

तेराव्यानंतर ते वही घेऊन आले. वीस वर्षांचा नियम खोडलेला होता. मी म्हटलं, "मरतानाचं बोलणं कशाला धरता? अपवाद म्हणून सोडा."

ते म्हणाले, "तिचा बोलणा मीच सोडलंय, तर धरतलो कोण?"

आता तेही नाहीत. वही माझ्या कपाटात आहे. खोडलेल्या ओळीखाली तिचे दोन शब्द आहेत, आणि ते स्वच्छ वाचता येतात.